कॅबिनेटचा विस्तार

मंत्रिमंडळ बनवताना मुख्यमंत्र्यांना रात्र रात्र झोप लागत नाही, असं वर्तमानपत्रात वाचलं की पूर्वी मला हसू यायचं. आता सहानुभूती वाटते. कारण गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरीही कॅबिनेटचा प्रश्न सव्वा महिना लोंबकळत पडला होता. फरक एवढाच, की त्यांच्या कॅबिनेटमध्ये माणसं बसवायची असतात आणि आमच्यात एक मदरबोर्ड, एक पॉवर सप्लाय आणि चार पंखे. बाकी खातेवाटप, रुसवेफुगवे, जागा कमी आणि इच्छुक जास्त, आत भडका आणि बाहेरून सगळं थंड दाखवायचं, हे अगदी तेच.

त्याचं असं झालं. बारावीची परीक्षा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या कन्येनं जाहीर केलं, की संगणक आयता घ्यायचा नाही. सुटे भाग मागवायचे आणि घरीच जोडायचा. आता परभणीच्या माणसाला जोडाजोडीची भीती वाटायचं काही कारण नाही. आमच्या गावाबद्दल दोन म्हणी आहेत. एक 'जगात जर्मनी, भारतात परभणी', ती आम्ही पाहुण्यांना ऐकवतो. दुसरी 'बनी तो बनी, नहीं तो परभणी', ती पाहुणे आम्हाला ऐकवतात. जमलं तर जमलं, नाहीतर आहेच आपली परभणी! घरी संगणक जोडणाऱ्याला याहून चांगलं ब्रीदवाक्य मिळायचं नाही.

कन्येनं चौकटीच्या वहीत यादी केली होती. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड, पॉवर सप्लाय, सगळ्यांपुढे किंमती. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, 'कॅबिनेट : उरलेल्या पैशात'. मी बेरीज केली. मंजूर रकमेतून एक हजार चारशे साठ रुपये उरत होते.

"एवढ्यात येईल का गं?" मी विचारलं.

"येईल की, बाबा. खोकंच तर आहे. जोडायचं काम मी करते, खोकं तुम्ही आणा."

मी बी.कॉम. आहे. पॅकिंगचा खर्च नफा-तोटा पत्रकात जातो, ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला तो कधी दिसत नाही, हे मला पाठ आहे. तेव्हा मुलीचं म्हणणं मला शास्त्रशुद्ध वाटायला हवं होतं. पण वाटलं नाही. का वाटलं नाही ते पुढे सांगतो. आधी थोडा इतिहास. बँकेतल्या माणसाची खोड आहे ही. कर्ज देण्याआधी सातबारा बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. मी खोक्याचा सातबारा काढला.

पहिली नोंद नावाची. आपल्याकडे या खोक्याला सर्रास 'सीपीयू' म्हणतात. वास्तविक सीपीयू म्हणजे आतला तो सुपारीच्या चिपट्याएवढा चौकोन. अख्ख्या खोक्याला सीपीयू म्हणणं म्हणजे वाड्याला 'आजोबा' म्हणण्यासारखं आहे. पण आपल्या देशात कर्त्या पुरुषाच्या नावानंच घर ओळखतात, त्याला कोण काय करणार?

मूळ पुरुषाला मात्र खोकंच नव्हतं. १९४६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला 'एनिॲक' नावाचा जो संगणक लोकांना दाखवला, त्याचं वजन तीस टन होतं आणि त्यात सुमारे अठरा हजार व्हॉल्व्ह होते. खोलीच्या भिंतींच्या कडेनं तो उभा होता. म्हणजे खोली हेच त्याचं कॅबिनेट. दार लावलं की झाकण बसलं.

आपल्याकडची नोंद याहून अभिमानाची आहे, आणि ती महाराष्ट्रातली आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, होमी भाभांच्या छत्राखाली, रंगस्वामी नरसिंहन आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी १९५५ च्या सुमारास एक संगणक घरीच जोडायला घेतला. त्यातल्या बहुतेकांनी तोवर संगणक डोळ्यांनी पाहिलेलाही नव्हता! १९५६ मध्ये छोटा नमुना चालला, १९६० मध्ये मोठं यंत्र कामाला लागलं आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं 'टिफ्रॅक' असं बारसं केलं. त्यात दोन हजार सातशे व्हॉल्व्ह होते आणि स्मरणशक्ती होती दोन हजार अठ्ठेचाळीस शब्दांची. आजच्या मापानं दहा किलोबाइट. लग्नपत्रिकेचा फोटोसुद्धा त्यात मावला नसता.

पण मला भावलं ते त्याचं कॅबिनेट. अठरा फूट लांब, आठ फूट उंच आणि अडीच फूट खोल असा तो पोलादी सांगाडा. चार-चार फुटी कप्पे जोडून केलेला आणि दोन्ही बाजूंनी दारं असलेला, म्हणजे व्हॉल्व्ह गेला की दार उघडायचं, बदलायचा, दार लावायचं. दोन हजार सातशे व्हॉल्व्ह तापणार हे त्यांना ठाऊक होतं, आत पोचायला वाट लागणार हेही ठाऊक होतं. भारतातल्या पहिल्यावहिल्या घरगुती संगणकाच्या खोक्यावर कोणीतरी डोकं चालवलं होतं. 'उरलेल्या पैशात' असं त्यांच्या वहीत लिहिलेलं नसावं.

यानंतर सातबाऱ्यावर फेरफार झाला तो १२ ऑगस्ट १९८१ रोजी. त्या दिवशी आयबीएमनं आपला 'पर्सनल कॉम्प्युटर' बाजारात आणला. पत्र्याची बसकी पेटी, वर टीव्हीसारखा पडदा. पेटीतला पॉवर सप्लाय साडेत्रेसष्ट वॅटचा, म्हणजे तेव्हाच्या आपल्या न्हाणीघरातल्या दिव्याहून जेमतेम जास्त. आयबीएमनं घाईगर्दीत एक उदारपणा केला. भाग बाजारात मिळणारे वापरले आणि आतले नकाशे पुस्तकात छापून टाकले. मग काय विचारता! पाककृती छापून आली की गल्लीतल्या चार बायका तोच पदार्थ निम्म्या खर्चात करून दाखवतात, तसं जगभर झालं. १९८४ साली 'एटी' नावाचं पुढचं यंत्र आलं आणि त्याच्या बोर्डाला स्क्रूची भोकं जिथं होती, तिथंच जगातले सगळे खोकेवाले भोकं पाडायला लागले. १९९५ साली इंटेलनं 'एटीएक्स' नावाचं नवं माप ठरवलं : तीनशे पाच मिलिमीटर बाय दोनशे चव्वेचाळीस. तेव्हापासून आजतागायत तीच भोकं चालू आहेत. इतक्या काळात सरकारं किती आली आणि गेली, भोकं जागची हलली नाहीत.

मधल्या काळातल्या खोक्यांना काय थाट होता! पुढच्या बाजूला कुलूप असायचं, चक्क किल्लीचं. ते लावलं की कळफलक बंद. शेजारी 'टर्बो' नावाचं बटण. त्यानं संगणक वेगात पळतो अशी सर्वांची समजूत; प्रत्यक्षात जुने प्रोग्रॅम नव्या वेगानं भांबावू नयेत म्हणून यंत्राचा वेग कमी करता यावा, यासाठी ते बटण होतं. आणि वर लाल आकडे चमकायचे, तेहतीस, सहासष्ट, शंभर. तो वेग कोणी मोजत नव्हतं. खोका जोडणारा आत बारीक टोप्या बसवून हवा तो आकडा लावून ठेवायचा. इच्छा असती तर त्याला तिथं तापमान किंवा आपल्या मुलाचे गणितातले मार्क दाखवता आले असते.

आमच्या बँकिंग क्षेत्रात हे खोकं यायला वेळ लागला. संगणक आला की कारकून गेला, अशी धास्ती होती आणि ती अगदीच खुळी नव्हती. १९८३ साली संघटना आणि व्यवस्थापन यांच्यात करार झाला, १९८४ मध्ये डॉ. रंगराजन समितीचा अहवाल आला, आणि शाखांमध्ये 'ॲडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन' दाखल झालं. नावात संगणक हा शब्द नाही, हे ध्यानात घ्यावं. नवऱ्याचं नाव न घेता उखाणा घेण्याची आपली परंपरा जुनीच आहे. आमचे निवृत्त हेड कॅशियर सांगतात, की त्यांच्या शाखेत त्या यंत्राला काचेची खोली आणि एअरकंडिशनर मिळाला. कर्मचाऱ्यांना पूर्वीचाच पंखा. खोलीत शिरताना चपला बाहेर. मे महिन्यात दुपारी तीनच्या सुमारास शाखेतली निम्मी मंडळी यंत्राची चौकशी करायला अनवाणी आत जात. यंत्राची एवढी विचारपूस पुढे कधी झाली नाही.

हा सगळा जमाखर्च कन्येला सांगितला. ती म्हणाली, "बाबा, पण खोकं आणणार कधी?"

आता माझी स्वतःची नोंद.

२००३ साली मी बी.कॉम. होऊन बँकेच्या परीक्षा देत हिंडत होतो. मुंबईला एका परीक्षेला गेलो, तेव्हा शिकवणीचे साठवलेले पैसे खिशात होते. पेपर झाला की थेट ग्रँट रोड स्टेशन आणि तिथून लॅमिंग्टन रोड. एकेकाळच्या लाटसाहेबाचं नाव सांगणारा हा रस्ता, कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्ग, तेव्हा सुट्या भागांचं पंढरपूर होता. सगळं घेऊन झालं आणि खोक्यापाशी आलो. त्या काळी कॅबिनेटमध्ये पॉवर सप्लाय बसवूनच मिळायचा, लग्नात नवरीबरोबर करवली यावी तसा. एक होतं चौदाशेला, एक अकराशेला. दोन्हीवर साडेचारशे वॅटचं लेबल. दुकानदारानं विचारलं, "फरक क्या है? पत्रा ही तो है." कॉमर्सच्या माणसानं तीनशे रुपये वाचवले आणि देवगिरी एक्स्प्रेसमध्ये ते खोकं मांडीवर घेऊन परभणी गाठली.

अण्णा, म्हणजे आमचे वडील, जिल्हा परिषदेत शिक्षक होते. घरात कपाट घेतानासुद्धा ते बोटाच्या पेरानं पत्रा वाजवून बघायचे. त्यांनी खोकं वाजवलं, मग उचललं आणि म्हणाले, "लई हलकंय रे."

"अण्णा, इलेक्ट्रॉनिक्स आहे ते. ज्वारीचं पोतं नाही."

पॉवर सप्लाय चांगला असेल तर त्यात तांबं आणि ॲल्युमिनियम जास्त असतं आणि म्हणून तो जड लागतो, हे मला फार उशिरा कळलं. अण्णांना ते विज्ञान ठाऊक नव्हतं. त्यांना फक्त वजन ठाऊक होतं.

त्या खोक्याला हात लावला की झिणझिण्या यायच्या. आमच्या जुन्या घराला अर्थिंग नव्हतं. अशा वेळी पॉवर सप्लायमधल्या कपॅसिटरमुळे घरातल्या विजेचा निम्मा दाब पत्र्यावर येऊन बसतो. करंट अगदी किरकोळ, पण माणूस दचकतो. आई म्हणायची, "त्याला शिवू नका रे, चावतंय ते."

पण त्याच चावऱ्या खोक्यासमोर बसून आई गायची. तिला जात्यावरच्या ओव्या शेकड्यानं येत होत्या. जातं कधीच अंगणात उलथं पडलेलं होतं. ओव्या तेवढ्या शाबूत होत्या. नोकरी लागल्यावर मी ऐंशी रुपयांचा माइक आणला आणि रविवारी दुपारी रेकॉर्डिंग सुरू केलं. विंडोजमधला तो साउंड रेकॉर्डर साठ सेकंद झाले की आपोआप थांबायचा. आईची ओवी रंगात आलेली आणि मी ओरडायचो, "थांब, मिनिट झालं!" ती म्हणायची, "दळण असं मधीच थांबवतेत का?" दोन वर्षांत अशी शंभराच्या वर मिनिटं जमली. सगळी एका चाळीस जीबीच्या हार्ड डिस्कवर. सीडीवर उतरवून घ्यायची होती. राहून गेलं.

२००६ च्या डिसेंबरात आई गेली. पुढच्या मे महिन्यात, भारनियमनाचे दिवस, दुपारी वीज आली ती दणका देतच आली. खोक्यातून फट् असा आवाज झाला, करपल्याचा वास आला आणि साडेचारशे वॅटचं लेबल असलेल्या त्या डबीनं जाता जाता मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क बरोबर नेली. मी बँकेत प्रत्येक व्हाउचर तपासून, सही करून, वर्षानुवर्षं जपून ठेवणारा माणूस. आणि घरी आईच्या आवाजाची एकच प्रत, तीही तीनशे रुपये वाचवलेल्या डब्यात. एका ठिकाणी डिस्क दाखवली. त्यांनी आवाज परत काढायचा जो आकडा सांगितला, तो माझ्या तीन पगारांचा होता. "नंतर बघू," म्हणालो. डिस्क अण्णांच्या लोखंडी ट्रंकेत ठेवून दिली. अण्णा एक शब्द बोलले नाहीत. 'हलकंय' असं त्यांनी चार वर्षांपूर्वीच सांगून ठेवलं होतं.

असो. तर आमच्या घरगुती मंत्रिमंडळाच्या बैठकीत मी उभा राहिलो आणि सांगितलं, की कॅबिनेटची तरतूद एक हजार चारशे साठवरून सव्वातीन हजारांवर नेण्यात येत आहे. सभागृहात शांतता पसरली. आमच्या संसाराच्या इतिहासात मी कुठलंही अंदाजपत्रक वाढवल्याची ही पहिलीच वेळ होती.

"सव्वातीन हजारांचा पत्रा?" सौ.नं विचारलं. "त्यात माझं गव्हाचं पिंप येतं."

मग स्टेशन रोडवरच्या एका दुकानात तीन उमेदवारांच्या मुलाखती झाल्या. पहिलं खोकं समोरून अखंड काचेचं, आत रंगीबेरंगी दिवे. रात्री लावलं तर वऱ्हाडी आत येऊन अक्षता मागतील असं. दुसरं एक हजार चारशे साठमध्ये बसणारं, समोरून गच्च बंद. तिसरं साधं काळं, समोर बारीक जाळी, जाळीमागे दोन पंखे, मागे एक, आणि खाली काढून धुता येणारी धुळीची गाळणी.

मी तिसऱ्यावर बोट ठेवलं. कारण परभणीचा उन्हाळा. मेमध्ये इथं पारा चव्वेचाळीसच्या वर जातो. पंखा गारवा तयार करत नाही, उष्णता इकडून तिकडे नेतो. खोलीत बेचाळीस अंश असतील, तर खोक्यात त्याहून कमी होणं शक्यच नाही. ते सत्तर होऊ नयेत एवढीच धडपड. त्यासाठी पुढून हवा आत यायला हवी आणि मागून बाहेर जायला हवी. आपल्याकडच्या जुन्या माळवदाच्या घरांत समोर ओसरी आणि मागं परसदार असायचं ते काही हौस म्हणून नव्हे. समोर काच लावून आत पंखे बसवणं म्हणजे खिडक्या बंद करून पाहुण्यांना वारा घालणं. शिवाय आमची काळी माती. नांगरट सुरू झाली की ती वाऱ्यावर बसून गावात येते आणि जाळी नसेल तिथं कायमची राहते.

कन्येनं टेप लावून आतली जागा मोजली. ग्राफिक्स कार्ड लांबीत बसतंय, प्रोसेसरवरचा पंखा उंचीत बसतोय, पॉवर सप्लाय वेगळा आणि खाली. तो तिनं आधीच '८० प्लस'चा निवडला होता. म्हणजे भिंतीतून घेतलेल्या शंभर पैशांतले निदान ऐंशी पैसे कामाला लावणारा. आमच्या क्षेत्रात इतकी वसुली चांगली समजतात. दुकानदाराला वाटलं, आता काम फत्ते झालं. पण अण्णा रिक्षातून उतरून हळूहळू आत आले होते. वय शहाऐंशी. त्यांनी खोक्याच्या कुशीवर पेरानं टकटक केलं, कान लावला आणि म्हणाले, "हं. याला आवाजय."

निवड बिनविरोध झाली.

घरी इलेक्ट्रिशियन बोलावून आधी अर्थिंग करून घेतलं. सौ.नं खोक्यासाठी विणलेलं झाकण तयार ठेवलं होतं, टीव्हीला होतं तसंच. जाळी झाकली तर काय होईल यावर तिला मी एनिॲकपासून समजावून सांगितलं. झाकण शेवटी मिक्सरला गेलं. कन्येनं दोन संध्याकाळी एक एक स्क्रू बसवला. त्याच एटीएक्सच्या भोकांत. बटण दाबल्यावर पंखे फिरले आणि मी नकळत पत्र्याला हात लावून पाहिला. चावलं नाही.

उरलेले स्क्रू ठेवायला डबी शोधताना तिनं अण्णांची ट्रंक उघडली आणि ती डिस्क बाहेर आली.

"ही कुणाची?"

मी सांगितलं. साठ सेकंदांचं, दळणाचं, सगळं. ती बराच वेळ डिस्क उलटीपालटी करून बघत होती. मग खालच्या हिरव्या बोर्डावरचा काळा डाग दाखवून म्हणाली, "बाबा, जळलंय ते हे असेल. आतल्या तबकड्यांना कदाचित काहीच झालं नसेल. अगदी याच मॉडेलची जुनी डिस्क कुठं मिळाली, तर तिचा बोर्ड लावून बघता येतो. यावरची एक चिप तेवढी त्याच्यावर न्यावी लागते."

"चालेल?"

"सांगता येत नाही. आणि तशी डिस्क मिळायला पाहिजे."

मी काही बोललो नाही. बँकेत बुडीत खात्यात लिहिलेली रक्कम वीस-वीस वर्षांनी वसूल झालेली मी पाहिली आहे. फार नाही, पण पाहिली आहे.

नव्या कॅबिनेटमध्ये हार्ड डिस्कसाठी एक कप्पा रिकामा होता. तिनं ती त्यात सरकवली आणि चार स्क्रू आवळले. वायर कुठलीच जोडली नाही. अण्णा खुर्चीतून बघत होते.

"बनी तो बनी," मी म्हणालो.

"आणि नाही बनली तर?" कन्येनं विचारलं.

"नाही बनली तर आहेच की परभणीत," अण्णा म्हणाले. "कुठं जातीय ती."